ठिगळ पास की नापास?

मित्रांनो, तुमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघते का? आमच्या शाळेत निघायचे. ज्यांचे अक्षर चांगले त्यांनी जाड कागदावर लेख लिहायचे, ज्यांचा चित्रकलेत हातखंडा त्यांनी कडेने वेलबुट्टी काढायची आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन व्हायचे. मी सातवीत असताना स्वातंत्र्यदिनाचे पान माझ्या वाट्याला आले. मीच लिहिले, मीच तपासले, मीच ‘बरोबर आहे’ म्हटले आणि पान थेट शिवायला देऊन टाकले. सरांना दाखवायचे राहून गेले. खरं सांगू? राहून गेले नाही, मुद्दामच दाखवले नाही. सर लाल शाईने चुका काढणार, मग सगळे पान पुन्हा लिहावे लागणार. कोण बसतंय लिहीत!

संमेलनाच्या दिवशी पाहुण्यांनी हस्तलिखित उघडले आणि नेमके माझेच पान निघाले. ते माइकवरून मोठ्याने वाचू लागले, “१५ ऑगस्ट १९७४ या दिवशी आपला देश स्वतंत्र झाला...” झाले! सगळा हॉल खो खो हसू लागला. चार आणि सात यांची अदलाबदल झाली होती. ते पान मी निदान दहा वेळा वाचले होते, पण एकदाही ती चूक दिसली नव्हती. का? कारण तिथे १९४७ लिहिले आहे, हे मला आधीच ‘माहीत’ होते. आपली चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही, बरं का!

ही जुनी फजिती आज आठवण्याचे कारण म्हणजे एका वाचक मैत्रिणीचे पत्र. ती विचारते, “लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं आहे, त्यात कुणीही बदल करू शकतं, असं आमच्या सरांनी सांगितलं. मग कुणी चुकून किंवा मुद्दाम ते बिघडवलं तर?”

शाब्बास! प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. आज त्याचेच उत्तर शोधू या.

आधी लिनक्सची ओळख

२५ ऑगस्ट १९९१ या दिवशी फिनलंड देशातल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने संगणकवाल्या मंडळींना एक संदेश पाठवला. मी एक छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, केवळ छंद म्हणून, असे त्याने कळवले. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाच्या घरातला कर्ता माणूस. कोणत्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, डिस्कवर कुठे काय ठेवायचे, हे सगळे तोच बघतो. त्या मुलाचे नाव लिनस टोरवाल्ड्स. वय फक्त २१ वर्षे! त्याने लिहिलेल्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या.

आज त्याच लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये, तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. तुमच्या घरात अँड्रॉइडचा फोन असेल, तर त्याच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची यादी निघते ना, त्यातले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. एप्रिल २०२१ मध्ये मंगळावर ‘इंजेन्युइटी’ नावाचे चिमुकले हेलिकॉप्टर उडाले, त्यातही लिनक्सच होते. आता विचार करा, माझ्या १९७४ सारखी एक चूक इथे राहिली, तर नुसते हसे होऊन भागेल का?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. लिनक्स खुले आहे, याचा अर्थ त्याचा मजकूर कुणीही वाचू शकतो आणि स्वतःच्या प्रतीत हवा तो बदल करू शकतो. पण जी मूळ प्रत सगळे जग वापरते, तिच्यात मात्र कुणीही उठून हात घालू शकत नाही. बदल सुचवण्याचा हक्क सगळ्यांना, पण तो बदल आत जाणार तपासणी झाल्यावरच. गंमत अशी, की ही तपासणीही सगळ्यांसमोर, उघड्यावर चालते.

ठिगळ म्हणजे काय?

सुचवलेल्या बदलाला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे चक्क ठिगळ! आजीच्या गोधडीला असते ना, तसेच. जुन्या काळी संगणकाला आज्ञा द्यायच्या त्या कागदाच्या लांबलचक पट्टीवर भोके पाडून. चूक सापडली की तेवढाच तुकडा कापायचा आणि तिथे दुरुस्त केलेला तुकडा चिकटवायचा. म्हणजे ते खरोखरीचे ठिगळच झाले की! कागदी पट्ट्या गेल्या, पण नाव राहिले.

आजचे ठिगळ कसे दिसते, सांगू? माझ्या हस्तलिखिताचेच बनवून दाखवतो.

− १५ ऑगस्ट १९७४ या दिवशी आपला देश स्वतंत्र झाला.
+ १५ ऑगस्ट १९४७ या दिवशी आपला देश स्वतंत्र झाला.

वजा चिन्हाची ओळ काढायची, अधिक चिन्हाची ओळ घालायची. बास! पूर्ण पान पुन्हा पाठवायला नको. तपासणाऱ्याला नेमके काय बदलले ते एका नजरेत कळते. १९८५ मध्ये लॅरी वॉल या अमेरिकन प्रोग्रॅमरने ‘पॅच’ याच नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. ठिगळाचा मजकूर दिला की तो मूळ मजकुरात ते बरोबर जागी आपोआप बसवून देतो.

पण नुसत्या वजा-अधिकच्या ओळी पाठवून चालत नाही. सोबत चिठ्ठी लागते. काय बिघडले होते? कुणाला त्रास होत होता? हाच उपाय का निवडला? ‘चूक दुरुस्त केली’ एवढेच लिहिले तर तपासणारा विचारतो, कोणती चूक? आणि ती चूकच होती कशावरून? गणितात नुसते उत्तर लिहिले आणि रीत दाखवली नाही, की बाई गुण कापतात. तसेच हे.

आणखी एक नियम फार शहाणपणाचा आहे. एका ठिगळात एकच काम! चार दुरुस्त्या एकाच ठिगळात कोंबल्या आणि त्यातली एक निघाली चुकीची, तर बाकीच्या तीनही अडकून पडतात. सुट्या असल्या तर तीन पास, एक परत. सोपे आहे ना?

तपासनिसांची साखळी

समजा, तुमच्या संगणकाचा कळफलक नीट चालत नव्हता, तुम्ही त्यावर उपाय शोधलात आणि ठिगळ तयार केलेत. पाठवणार कुणाला? थेट लिनसला? छे! लिनक्समध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक साधी यादी आहे. कोणता विभाग कोण सांभाळतो, ते तिच्यात लिहिलेले असते. कळफलकाच्या विभागाचा राखणदार वेगळा, ध्वनीचा वेगळा, नेटवर्कचा वेगळा. ज्याचा विभाग त्याच्याकडे ठिगळ जाते, तेही ई-मेलने आणि त्या विभागातल्या सगळ्यांना दिसेल असे.

मग सुरू होते खरी परीक्षा. कुणी म्हणते, “या ओळीत भागाकार आहे, खाली शून्य आले तर?” कुणी म्हणते, “नाव नीट द्या, अर्थ कळत नाही.” कुणी ते ठिगळ आपल्या संगणकावर लावून बघते आणि कळवते, “माझ्याकडे चालले.” काही तपासण्या तर संगणकच आपोआप करून टाकतो. ठिगळ पाठवणाऱ्याने प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे, दुरुस्ती करायची आणि ‘दुसरी प्रत’ म्हणून पुन्हा पाठवायचे. पहिल्या प्रतीपेक्षा काय बदलले, तेही लिहायचे. मग तिसरी प्रत. कधी कधी दहावीसुद्धा! जुन्या, नामांकित प्रोग्रॅमरांचीही यातून सुटका नाही.

पास झालेल्या ठिगळाखाली सह्या होतात. ‘हे मी पाठवले आहे आणि हे देण्याचा मला हक्क आहे’ ही पहिली सही. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी एका कंपनीने आपल्या मालकीचा मजकूर लिनक्समध्ये शिरल्याचा दावा करत न्यायालयात धाव घेतली होती. मग ठरले, की कोणती ओळ कुणाकडून आणि कुणाच्या हातून आली याची नोंद हवीच. त्याखाली आणखी नावे येतात. ज्याने तपासले त्याचे, ज्याने चालवून पाहिले त्याचे, आणि ज्याने मुळात बिघाड कळवला त्याचेही. मला ही गोष्ट फार आवडते. नुसती चूक कळवणाऱ्याचे नावही कायमचे नोंदले जाते!

विभागाचा राखणदार पास झालेली ठिगळे गोळा करतो आणि एकत्र करून लिनसकडे पाठवतो. लिनस काही प्रत्येक ओळ वाचत बसत नाही. वाचणार तरी कशी? दर आवृत्तीत दहा हजारांहून अधिक ठिगळे असतात. तो राखणदारांवर विश्वास ठेवतो, आणि राखणदार आपल्या तपासनिसांवर. पण हा विश्वास असाच मिळत नाही. वर्षानुवर्षे चांगले काम करून तो कमवावा लागतो.

हे सगळे पहिल्यापासून असे नव्हते, बरं का. सुरुवातीला सगळी ठिगळे लिनसकडेच यायची आणि तो हाताने लावायचा. लिनक्स वाढले, ढीग वाढला, आणि १९९८ च्या सुमारास त्याला तो आवरेना. चांगली ठिगळेही हरवू लागली. लोक तेच ठिगळ पुन्हा पुन्हा पाठवायचे आणि वैतागायचे. एकटा माणूस कितीही हुशार असला तरी त्याला दिवसाचे तास चोवीसच! हळूहळू साखळी पक्की होत गेली. पुढे एप्रिल २००५ मध्ये लिनसने ठिगळांचा हिशोब ठेवण्यासाठी ‘गिट’ नावाचे साधन लिहायला घेतले आणि काही दिवसांतच ते स्वतःचा हिशोब स्वतः ठेवू लागले. आज जगभरचे प्रोग्रॅमर गिट वापरतात. तुमच्या ओळखीच्या एखाद्या सॉफ्टवेअरवाल्या ताईला विचारून बघा, ती रोज वापरत असेल. आणि गंमत म्हणजे, त्याच वर्षी जुलैत लिनसने गिटची जबाबदारी जुनिओ हमानो या जपानी प्रोग्रॅमरकडे सोपवून टाकली. माझे मीच करीन, असा हट्ट धरला नाही.

एस.टी. वेळेवर सुटते

ठिगळे पास झाली. पण नवी आवृत्ती काढायची कधी? सगळ्यांचे सगळे काम झाल्यावर? मग ती कधीच निघणार नाही! कारण काम कधी संपतच नाही.

म्हणून लिनक्सची आवृत्ती एस.टी.सारखी वेळेवर सुटते. साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी एक. पहिले दोन आठवडे दार उघडे असते. या काळात राखणदारांनी आपापली नवी गाठोडी आत चढवायची. दोन आठवडे संपले की दार बंद! त्यानंतर नवीन काही घ्यायचे नाही, फक्त बिघाड दुरुस्त करायचे. मग दर रविवारी एक ‘उमेदवार आवृत्ती’ निघते. पहिली उमेदवार, दुसरी उमेदवार, अशा बहुधा सात. जगभरचे हौशी लोक ती चालवून पाहतात आणि बिघाड कळवतात. सगळे शांत झाले की पक्की आवृत्ती बाहेर.

आणि ज्याचे ठिगळ वेळेत तयार झाले नाही, त्याचे काय? काही नाही, पुढची एस.टी.! नऊ-दहा आठवड्यांनी ती येणारच आहे. गाडी ठरलेल्या वेळी येते म्हटल्यावर कुणी धावत्या गाडीत उडी मारत नाही. अर्धवट काम घाईघाईने आत ढकलायचा मोह इथे यामुळेच कमी होतो.

काही ठिगळांनी तर फार धीर धरला. ठरलेल्या क्षणी काम झालेच पाहिजे अशा यंत्रांसाठी लिनक्स तयार करण्याचे एक मोठे काम सुमारे वीस वर्षे थोडे थोडे करून आत येत होते. त्याचा शेवटचा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये लिनसने घेतला. वीस वर्षे! आपल्याला चाचणीचा पेपर दुसऱ्या दिवशी मिळाला नाही तर चैन पडत नाही.

तरीही चूक झालीच तर?

होते की! तीही ऐका.

फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी ५.१२ या आवृत्तीची पहिली उमेदवार निघाली. तीन-चार दिवसांतच तिच्यात एक भयंकर बिघाड असल्याचे समजले. संगणकाची मेमरी कमी पडली, की तो थोडा मजकूर तात्पुरता डिस्कवर ठेवतो. टेबलावर जागा उरली नाही, की आपण काही वह्या खणात ठेवतो ना, अगदी तसे. त्यासाठी डिस्कवर एक खण राखून ठेवलेला असतो. पण या आवृत्तीत, खण एका विशिष्ट पद्धतीने केलेला असेल, तर संगणक त्या खणात न लिहिता डिस्कवर भलतीकडेच लिहायचा. तिथे आधी जे काही असेल, त्याच्यावर! म्हणजे तुमचे फोटो, पत्रे, प्रकल्प... सगळ्याचा सत्यानाश.

एवढी मोठी चूक तपासनिसांच्या हातून निसटली कशी? ते ठिगळ दिसायला अगदी निरुपद्रवी होते. मजकुराची साधी साफसफाई! कुणाला शंकाच आली नाही. आणि तपासणाऱ्यांपैकी अनेकांच्या संगणकांवर तसा खणच नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे सगळे ठीक चालले.

मग लिनसने काय केले? लपवालपवी? मुळीच नाही. ३ मार्चला त्याने सगळ्यांना उघड सांगितले की ही आवृत्ती वापरू नका. तेवढ्यावर न थांबता त्याने त्या आवृत्तीच्या खुणेचे नावच बदलून टाकले. नव्या नावाच्या शेवटी शब्द होता ‘डोंट-यूज’, म्हणजे ‘वापरू नका’! नेहमीच्या रविवारची वाट न पाहता ५ मार्चलाच दुरुस्त केलेली दुसरी उमेदवार निघाली. पक्की आवृत्ती आली ती २५ एप्रिलला, नीट पारखून. चूक पहिल्याच उमेदवारात सापडली, म्हणून सर्वसामान्य लोकांच्या संगणकांपर्यंत ती पोहोचलीच नाही. उमेदवार आवृत्ती असते ती याचसाठी. आमच्या हस्तलिखिताची अशी एखादी ‘उमेदवार प्रत’ आधी वर्गात फिरली असती, तर माझी फजिती वाचली नसती का?

पक्की आवृत्ती निघाल्यावर सापडलेल्या चुकांसाठीही नियम आहे. ग्रेग क्रोह-हार्टमन आणि त्यांचे सहकारी जुन्या आवृत्त्यांना लहान लहान ठिगळे लावत राहतात. पण अट अशी, की ती दुरुस्ती आधी लिनसच्या मुख्य प्रतीत गेलेली हवी. नाहीतर काय होईल? जुनी वही सुधारली, नवी तशीच राहिली, आणि पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा!

आणि मुद्दाम बिघडवले तर?

पत्रलेखिकेचा खरा प्रश्न हाच होता. टाळणार नाही. असे घडले आहे.

ही गोष्ट लिनक्सच्या गाभ्याची नाही, तर ‘एक्सझेड’ नावाच्या दुसऱ्या एका खुल्या सॉफ्टवेअरची. माहितीचे गाठोडे आवळून लहान करण्याचे काम ते करते आणि असंख्य संगणकांवर असते. पण ते सांभाळणारा राखणदार होता जवळजवळ एकटा, तोही फावल्या वेळात, बिनपगारी, आणि थकलेला. “तुमचे काम फार हळू चालते,” म्हणून काही जण त्याच्या मागे लागले होते. अशा वेळी एक ‘मदतनीस’ आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगली ठिगळे पाठवली, विश्वास मिळवला, आणि अखेर आवृत्ती काढण्याचा अधिकारही त्याच्या हाती आला. मग २०२४ च्या सुरुवातीला त्याने दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा लपवला. तोही हुशारीने! सगळ्यांना दिसणाऱ्या मुख्य मजकुरात त्याची किल्ली नव्हती. ती होती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात.

पकडले कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रॅमरने. दुसरेच काम करताना त्याला दिसले, की दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी सोडून दिले असते. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळ्यांना जाहीरपणे कळवले. तोवर तो चोरदरवाजा मुख्यतः काही चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचला होता. मोठे संकट टळले.

आता यातून काय समजायचे? सगळे खुले होते, म्हणून आंद्रेसला माग काढता आला, हे खरे. पण दार नुसते उघडे ठेवले म्हणून घर सुरक्षित होत नाही. कुणीतरी डोळे उघडे ठेवून बसावे लागते. एकट्या, दमलेल्या माणसावर सगळे सोडून आपण फक्त ‘लवकर करा, लवकर करा’ म्हणत राहिलो, तर चूक त्या एकट्याची म्हणायची का?

लाल शाई कशी वापरावी?

शेवटी एक नाजूक गोष्ट. आई-बाबांनो, ही तुम्हीही वाचा.

चूक दाखवणे जितके गरजेचे, तितकीच ती दाखवण्याची रीतही महत्त्वाची. लिनसची जीभ फार तिखट म्हणून प्रसिद्ध होती. ठिगळ आवडले नाही, तर तो पाठवणाऱ्याला सर्वांसमोर वाटेल ते बोलायचा. काही जणांनी त्यामुळे काम सोडले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने हे जाहीरपणे कबूल केले, माफी मागितली आणि लोकांशी कसे वागावे हे समजून घेण्यासाठी काही आठवडे सुट्टी घेतली. जगभर नावाजलेला, ४८ वर्षांचा माणूस! त्या काळात ४.१९ ही आवृत्ती ग्रेग यांनी काढली. साखळी मजबूत होती, म्हणून कुठेच काही अडले नाही. आणि लिनस परत कामावर आला.

म्हणजे बघा, ठिगळ नापास होते, माणूस नाही. “तू मठ्ठ आहेस” यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते. “तिसऱ्या ओळीत चार आणि सातची अदलाबदल झाली आहे” हे मात्र लगेच सुधारता येते.

करून बघा

या आठवड्यात एक खेळ खेळा. तुमचा निबंध मित्राला किंवा मैत्रिणीला द्या आणि त्यांचा तुम्ही घ्या. वहीत काहीही खोडायचे नाही. प्रत्येक चुकीसाठी एक वेगळी चिठ्ठी करायची. त्यावर वजाची ओळ, अधिकची ओळ, आणि खाली ‘का’ ते एका वाक्यात. वाईट शब्द एकही नको. शेवटी तुमची सही. मग ज्याचा निबंध आहे त्याने ठरवायचे, कोणते ठिगळ घ्यायचे आणि कोणते नाही. नाही घेतले तर कारण सांगायचे. निबंधाची दुसरी प्रत लिहून झाली, की तिच्या खाली तपासणाऱ्याचे नाव लिहायला मात्र विसरायचे नाही.

किती ठिगळे निघाली, किती पास झाली, ते मला पत्राने जरूर कळवा. आणि हो, या लेखात कुठे चूक सापडली तर तिचेही ठिगळ पाठवा. वजा-अधिकसकट! हा लेख छापायला देण्याआधी मी दोघांकडून तपासून घेतला आहे. त्यांना त्यात एका जागी चूक सापडलीच. कुठे ते ओळखा पाहू!

ओळखता नाही येणार, दोस्तांनो. कारण ती आता तिथे नाही.